आजाराला विद्यापीठ आहे, सांभाळाला नाही

नाशिकच्या दिंडोरी रोडवर, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये ते स्थापन होईपर्यंत राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं आपापल्या भागातल्या विद्यापीठांना जोडलेली होती. आता एमडी-एमएसपासून आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपीपर्यंत राज्यातल्या बहुतेक पदव्या इथून निघतात, आणि या शाखांमधली पीएचडीही. विद्यापीठाच्या दारावरून जाणारा रस्ता पुढे दिंडोरी आणि वणी ओलांडून आदिवासी सुरगाणा तालुक्याकडे वळतो. गाडीने दोन-अडीच तास. राज्यभरातल्या आरोग्य-संशोधनाची कागदपत्रं जिथे जमा होतात, तिथून आदिवासी पाडे इतके जवळ आहेत.

म्हणून आरोग्य आणि समाजसेवेत संशोधनाची पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी नाशिकपासूनच विचार सुरू करावा, असं मला वाटतं. अशी मुलंमुली आज कमी नाहीत. बीएससी नर्सिंग करून दहा वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर, एमएसडब्ल्यू करून जिल्हा रुग्णालयात समुपदेशक झालेला तरुण, कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणारी डॉक्टर, फिजिओथेरपीची व्याख्याती. सगळ्यांना पुढे पीएचडी करायची आहे. ती कुठे करता येईल, प्रवेश परीक्षा कोणती, फेलोशिप मिळेल का, गाईड कोण, हे सगळे विचारतात. प्रश्न कोणता घेणार, हे मात्र बहुतेकांचं शेवटी ठरतं, आणि बऱ्याचदा ते गाईडच ठरवतात.

आधी आपल्याकडे प्रबंध कसे होतात ते पाहू. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. पहिल्या वर्षी सिनॉप्सिस, मग एथिक्स कमिटीची मंजुरी, मग दीड-एक वर्ष केसेस गोळा करणं, आणि अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी बांधलेली प्रत. हे सगळं रेसिडेन्सीच्या ड्युटीत, रात्रपाळ्या सांभाळत करायचं असतं. त्यामुळे ओपीडीत समोर येईल तोच नमुना आणि हाताशी असेल तीच तपासणी घेतली जाते. नर्सिंगमध्ये वेगळा साचा पडला आहे. ‘निवडक रुग्णालयातील मातांच्या अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’ या धर्तीची शीर्षकं आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ओळीने लागलेली दिसतील. आधी प्रश्नावली, मग तासभराचं व्याख्यान, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढलेले निघतात. वाढणारच. त्या मातांनी घरी गेल्यावर काय केलं, हे कोणी पाहायला जात नाही.

विद्यार्थ्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना वेळ मिळत नाही, पैसा मिळत नाही, संख्याशास्त्र शिकवणारा माणूस मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स आता पीजीच्या विद्यार्थ्यांना करावा लागतो, ही चांगली सुधारणा आहे. पण कोर्सने पद्धत शिकवता येते. प्रश्न सुचण्यासाठी माणसांजवळ जावं लागतं.

आपल्या मराठी मुलखात याचे दाखले आहेत. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एमडी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परक्या देशात, परक्या भाषेत, विशीतल्या मुलीने आपल्याकडच्या बाळंतपणाचं शास्त्र मांडायला घेतलं. स्वतःचं पहिलं मूल अवघ्या दहा दिवसांत गमावलेली ती बाई होती. विषय कुठून आला असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा दाखला गडचिरोलीचा, आणि त्यावर थोडं थांबायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. राणीताईंनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार असल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण, एवढंच सरकारदरबारी धरलं जात होतं. एका अभ्यासाने ती चौकट मोडली.

पुढे नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न आला. ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. तुलनेला ४७ गावं ठेवली. आपल्याकडे घाईत सुटते ती हीच पायरी. १९९३ पासून पाच वर्षं प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आला. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा स्वयंसेविकांमार्फत घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याची योजना देशभर लागू केली. आज नाशिकच्याच पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ पाहायला घरी जातात, त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतो, त्यामागे हा अभ्यास आहे.

हे काम कोणाच्या पीएचडीसाठी झालं नव्हतं. पण पदवीत शिकलेली पद्धत इथे पुरेपूर वापरली गेली. तुलनेची गावं ठेवणं, आधीची परिस्थिती मोजणं, नोंदी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणं, हे सगळं शिक्षणातून आलेलं आहे. पुढे २००१ मध्ये बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत असं दाखवलं, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. नीट मोजणं हेसुद्धा संशोधन असतं. आमच्याकडे त्याला कमी लेखतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. बायका गरोदर होण्याआधीपासून त्यांची मापं घेतली. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनाने कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून स्थूल. भारतात तरुण वयात होणाऱ्या मधुमेहाचा धागा आईच्या पोटापर्यंत नेणारं हे काम आहे. त्या बाळांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत चालू राहिला. अशा एका दीर्घ अभ्यासाच्या आसऱ्याने किती जणांना आपापला प्रबंध लिहिता येतो! नव्याने येणाऱ्याला माझं सांगणं हेच, की एकट्याने छोटा नमुना गोळा करत बसण्यापेक्षा अशा चालू कामात आपला प्रश्न घेऊन शिरावं.

आता मूळ अडचणीकडे येतो. ब्रिटनमध्ये आरोग्य आणि सामाजिक सांभाळ हे एकच क्षेत्र मानून त्यात संशोधनाच्या पदव्या देतात. नोकरीत असलेल्या परिचारिका आणि समाजसेवकांना आपल्याच कामातला प्रश्न घेऊन डॉक्टरेट करता येते. आपल्याकडे या क्षेत्राचे दोन तुकडे झाले आहेत. आरोग्य म्हसरूळच्या विद्यापीठाकडे आणि समाजकार्य सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे किंवा मुंबईत १९३६ पासून काम करणाऱ्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे. नाशिकच्या समाजकार्य महाविद्यालयातली विद्यार्थिनी आणि त्याच शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयातला रेसिडेंट एकाच रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात उभे असतात, पण त्यांचे प्रबंध, गाईड, परीक्षक आणि ग्रंथालयं वेगवेगळी.

यात काय निसटतं ते एका घरात पाहू. साठीतल्या माणसाला पक्षाघात झाला. पंधरा दिवसांनी डिस्चार्ज. कागदावर लिहिलेलं असतं, दर दोन तासांनी कूस बदला, तोंडाने सावकाश भरवा, व्यायाम चालू ठेवा. घरी दोन खोल्या. कूस बदलायला दोन माणसं लागतात, दिवसा घरात सून एकटी. ती द्राक्षाच्या पॅकहाउसवर जायची, आता घरी बसते. महिन्याभरात कमरेला व्रण होतो, लघवीची नळी तुंबते, पुन्हा रुग्णालय. न्यूरॉलॉजीचा प्रबंध या माणसाचा मेंदूचा स्कॅन मोजतो. फिजिओथेरपीचा प्रबंध खांदा किती अंशांत उचलला जातो ते मोजतो. समाजकार्याचा प्रबंध कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारतो. सुनेची रात्र, तिची बुडालेली मजुरी, व्रण कोणत्या आठवड्यात झाला आणि तो टाळता आला असता का, हे मात्र कोणत्याच विद्याशाखेचं नाही. वयस्क, अपंग, मनोरुग्ण, अंथरुणाला खिळलेले, या सगळ्यांचा सांभाळ घरातल्या बाईच्या अंगावर सोडून आपण संशोधन आजाराचं करतो.

नाशिकलाच गंगापूर धरणाजवळ, गोवर्धनला, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. त्याने रुग्णसहायक तयार करण्याचे अभ्यासक्रम चालवले. घरोघरी आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या माणसांना थोडं शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावं, हा त्यामागचा विचार मोलाचा आहे. अशी प्रशिक्षित बाई घरात असली तर व्रण कमी होतात का? रुग्णालयाच्या फेऱ्या वाचतात का? तिला स्वतःला पगार किती मिळतो, तिच्या पाठीचं काय होतं? पुढच्या दहा वर्षांत नाशिकमधून डझनभर चांगल्या पीएचडी याच एका विषयावर व्हाव्यात, इतकं काम इथे पडून आहे.

नियमांचं थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात, स्त्रियांना आणि अपंगांना त्याहून दोन जास्त. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. नोकरी सांभाळून अंशकालीन पीएचडी करता येते, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. दूरशिक्षणाने पीएचडी मान्य नाही, कोणी तशी जाहिरात केली तर तिकडे फिरकू नये. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट गेली, हे बरं झालं. त्या अटीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या मासिकांचं पीक आलं होतं. त्याच नियमांनी एमफिल बंद झालं. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मात्र चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य यांचं एमफिल हाच व्यवसायाचा परवाना असल्याने त्या दोन अभ्यासक्रमांना २०२५-२६ पर्यंत मुदत द्यावी लागली.

नेट परीक्षेत समाजकार्य आहे, तसाच सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य हाही विषय आहे. तो फार थोड्यांना ठाऊक असतो. त्यातून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती न मिळालेल्यांचं ओझं मोठं आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी राज्यातल्या संशोधक विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावं लागलं आहे. गावोगाव फिरून माहिती गोळा करणारं आरोग्य-संशोधन खिशातून करता येत नाही. जो करतो तो नमुना कमी करतो, आणि नमुना कमी झाला की निष्कर्ष लुळा पडतो. नर्सिंगपुरती एक चांगली सोय आहे. भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर पीएचडीचा राष्ट्रीय उपक्रम उभा केला, त्यामुळे गाईड नसलेल्या जिल्ह्यातल्या परिचारिकेलाही दार उघडलं.

प्रत्यक्ष क्षेत्रात उतरल्यावर कागदावरचं गणित बदलतं. सुरगाणा-पेठचंच घ्या. संशोधक पावसाळ्यात घरांची यादी करतो, तेव्हा भात-नागलीची कामं चालू असतात आणि माणसं गावात असतात. दिवाळी सरली की घरंच्या घरं निघतात, कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, कोणी नाशिकच्या बांधकामांवर, कोणी गुजरातेत. जानेवारीत दुसऱ्या फेरीला गेलं तर दाराला कडी आणि ओट्यावर म्हातारी. ती सांगते, होळीला येतील. तीन महिन्यांनी पुन्हा भेटायचं असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं असतं आणि निम्मा नमुना हरवलेला असतो. यावर बहुतेक जण गावात उरलेल्यांवर निष्कर्ष काढतात. पण जे गेले तेच सर्वांत गरीब, त्यांच्याच बायका बागेच्या कडेला झोपडीत बाळंत होतात, त्यांचीच बाळं आशाताईंच्या नोंदवहीतून सुटतात. शिमग्याच्या तारखा बघून वेळापत्रक आखणं आणि बागेपर्यंत माणसाच्या मागे जाणं, हे मार्गदर्शकाने पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

संमतीचं तसंच. छापील अर्जावर अंगठा घेतला की काम संपलं, असं समजणारे संशोधक मी पाहिले आहेत. रक्त घेतलेली बाई विचारते, आता औषध कधी देणार? तिच्या दृष्टीने रक्त घेणारा तो डॉक्टर. हा अभ्यास आहे, यातून तुला लगेच औषध मिळणार नाही आणि नाही म्हणालीस तरी दवाखान्यात काही अडणार नाही, हे शांतपणे समजावायला अर्धा तास लागतो. तो दिलाच पाहिजे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देणारा प्रकल्प झाला. त्यात खम्ममला कितीतरी अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला, संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एथिक्स कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि कमिटीत समाजशास्त्राचा, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही लागतो. त्या सामान्य नागरिकाने बैठकीत तोंड उघडलं पाहिजे. त्याच्या खुर्चीवर निवृत्त प्राध्यापकाऐवजी एखादी आशाताई बसली तर कितीतरी प्रस्ताव सुधारतील.

पैसा नसलेल्या विद्यार्थ्याने आधी झालेल्या मोजणीकडे वळावं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, २०१९-२१ ची, आकडेवारी तिच्यामार्फत खुली आहे, त्यात नाशिक जिल्ह्याचं स्वतंत्र पत्रकही आहे. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची माहिती असलेलं वृद्धत्वाचं सर्वेक्षणही याच संस्थेचं. सांभाळाच्या प्रश्नाला हात घालणाऱ्याला ते घरबसल्या मिळतं. आमच्या विद्यार्थ्यांना स्वतः भरून घेतलेल्या शंभर प्रश्नावल्या या खजिन्यापेक्षा जवळच्या वाटतात, याची खंत वाटते.

आणि नाशिकसमोर २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. २०१५ च्या पर्वणीत दवाखान्यांतल्या रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन आजारांचा कल रोजच्या रोज पाहण्याचा प्रयोग इथे झाला होता. गोदावरीच्या पाण्यातल्या जिवाणूंवर सामूहिक स्नानाचा काय परिणाम होतो, याचाही अभ्यास पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केला. गर्दीत हरवलेले वृद्ध, घरच्यांनी सोडून दिलेले मनोरुग्ण, दिवसभर पाण्यात उभे राहणारे सफाई कामगार यांच्याबद्दल मात्र एखादा समाजकार्याचा विद्यार्थी आणि एखादा वैद्यकाचा विद्यार्थी मिळूनच काही शोधू शकतील. त्यासाठीचे प्रस्ताव आणि एथिक्सची मंजुरी पर्वणीच्या कितीतरी आधी हवी. स्नानाच्या महिन्यात सुचलेला विषय कामाचा नसतो.

झालेलं काम परत कुठे जातं, हाही प्रश्न आहे. प्रबंध आता ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर चढवावा लागतो, त्यामुळे जगाला तो वाचता येतो. पण पेठच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, ज्या पाड्यावर माहिती घेतली तिथल्या ग्रामसभेला तो दिसत नाही. दोन पानी मराठी सारांश तालुक्याला आणि गावाला दिल्याची पोच जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये, असा नियम विद्यापीठाने उद्या केला तर खर्च काहीच नाही.

दोन तुकडे सांधायला नवा कायदाही लागत नाही. २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. म्हणजे पक्षाघाताच्या घरातल्या त्या सुनेवर प्रबंध लिहायचा तर म्हसरूळला नोंदणी करून समाजकार्याचा प्राध्यापक सोबत घेता येईल, किंवा पुणे विद्यापीठात नोंदणी करून कम्युनिटी मेडिसिनचा. विद्यार्थ्याने नोंदणीच्या अर्जातच दोन नावं लिहावीत, आणि ती दोन माणसं एका टेबलाशी बसून विषय ठरवत नाहीत तोवर सिनॉप्सिस पुढे सरकवू नये.